लीडर आणि जूनमधलं वाळवंट

बारा वर्षं सिंगापूरमध्ये काढूनही लीडरना झाडं आवडत नसत. लोक या शहराच्या हिरवाईचं कौतुक करू लागले की ते गप्प बसत, आणि फारच झालं तर म्हणत, "इथं माणसाची नजर समोरच्या झाडाला अडते हो. लांब म्हणून काही उरलेलंच नाही." त्यांचं बालपण जतच्या माळावर गेलं होतं. टॅम्पिनीसमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून दुसऱ्या ब्लॉकच्या खिडक्या दिसत आणि मधे एक भलामोठा पर्जन्यवृक्ष. ते झाड म्हणजे आपला शेजारी आहे आणि त्याच्याशी आपलं पटत नाही, अशा सुरात ते त्याच्याबद्दल बोलत.

झाडं आवडत नसली तरी दर शनिवारी आम्हा आठ-दहा मराठी मंडळींना झाडांतूनच फिरवून आणायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. कधी मॅकरिचीच्या तळ्याभोवती, कधी पुलाऊ उबिनच्या बेटावर सायकली घेऊन. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, हातात मिनिटामिनिटाचा छापील कार्यक्रम. त्यामुळेच सगळे त्यांना लीडर म्हणत. वहिनी म्हणायच्या, "हे घरात चहासुद्धा शिट्टी वाजवून मागतात." निघण्याआधी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत आम्हाला उभं करून ते कार्यक्रम वाचून दाखवत आणि विचारत, "कोणाला काही शंका?" तोंडातून प्रश्न पुरता बाहेर पडायच्या आत त्यांनी पाऊल उचललेलं असे. एकदा एकानं खरोखर शंका विचारली तेव्हा ते रस्ता ओलांडून पलीकडे पोचले होते.

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत, आणि ते मोजता येण्यासारखे नाहीत. चांगी बिझनेस पार्कमधल्या ज्या ऑफिसात मी नवा लागलो, तिथे ते मॅनेजर होते. मी घरातला पहिला पदवीधर. वडील बाजार समितीत हमाली करत. पहिल्या मीटिंगमध्ये माझं इंग्रजी घशात अडकलं, तेव्हा लीडर सगळ्यांसमोर म्हणाले की याला लिहून द्यायला सांगा, हा आपल्या सगळ्यांपेक्षा नीट लिहितो. पुढे सहा महिने माझी प्रत्येक मेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून तपासली. कोणाशी ओळख करून देताना माझं नाव कधी घेतलं नाही. "हा आमचा इंजिनियर," म्हणत. हे मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा आई रडली होती. अशा माणसाला आपण काही सुचवावं, हे माझ्या मनात येणंच अवघड होतं.

मग वहिनींना कॅन्सर निघाला. पहिले उपचार संपले आणि दुसरे सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी तीन आठवडे मोकळे दिले. जूनचे पहिले तीन आठवडे. कुठं जावंसं वाटतं, असं लीडरनी विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "जिथं मधे काही नाही अशा ठिकाणी." त्यांना मूलबाळ नव्हतं, एकमेकांच्या इच्छा हाच त्यांचा संसार होता. लीडरनी जैसलमेरजवळचा वाळवंटातला एक कॅम्प शोधला, एजंटामार्फत तंबू ठरवला आणि अकरा कलमांचा कार्यक्रम छापला. उंटावरून सूर्योदय. टेकडीवरून वाळूत घसरणे. ओसाड पडलेलं जुनं गाव. तलावात नौकाविहार. ताऱ्यांचं दर्शन, दुर्बिणीसह.

निघायच्या आधीच्या शनिवारी त्यांनी आम्हाला नेहमीच्या जागी जमवून तो कार्यक्रम वाचून दाखवला. वहिनी डोक्याला रुमाल बांधून बाकावर बसल्या होत्या. मांडीवर नव्या कॅनव्हासच्या बुटांचं खोकं होतं आणि त्या एक बूट हातात धरून त्याच्या तळाची नक्षी बघत होत्या. हवेचं कोणीतरी विचारलं. लीडर म्हणाले की जून म्हणजे मृग लागलेला, हवा गार झालेली, त्याहून चांगला महिना नाही. जतच्या माळावर ते खरंच होतं. आणि बारा वर्षं ज्या गावी बारा महिने एकच हवा, तिथं राहून माणूस ऋतूंचा हिशेब विसरतो.

मला माहीत होतं. कराडला हॉस्टेलवर माझ्या खोलीत बाडमेरचा मुलगा होता. परीक्षा संपली तरी तो जूनमध्ये गावी जात नसे. म्हणायचा, आमच्याकडे आता दुपारी जनावरंसुद्धा जागची हलत नाहीत, वाळूची वावटळ उठली की समोरचा माणूस दिसत नाही.

"कोणाला काही शंका?" लीडरनी विचारलं, आणि त्या दिवशी ते थांबले. एकेकाकडे बघत माझ्यापाशी आले.

"इंजिनियर?"

"नाही, लीडर," मी म्हणालो.

ते तेराव्या दिवशी परतायचे होते, सहाव्याच दिवशी आले. काय घडलं ते लीडरनी ऑफिसात दोन-तीन वाक्यांत सांगितलं. कॅम्पवर एक राखणदार होता. बाकीचे तंबू उतरवून ठेवले होते, उंट गावात पाठवले होते. या दिवसांत कोण येतं साहेब, असं तो म्हणाला, पण माणूस भला. कुठूनसा एक उंट घेऊन आला. सकाळी आठलाच वाळूचा चटका बसू लागला. वहिनींना उंटावरच उलटी झाली. दुसऱ्या दिवशी वादळ आलं. पुढचे दिवस शहरातल्या हॉटेलच्या खोलीत, पडदे लावून, कूलरसमोर गेले. त्यांच्या टेबलावर तो कार्यक्रम मी पाहिला. अकरा कलमांपैकी पहिल्यापुढे अर्धी खूण होती.

वहिनींचा तिथला एकच फोटो आहे. डोळ्यांवर आडवा हात धरून त्या उभ्या आहेत, नवे बूट घालून. मागे सगळं पिवळं, काहीही दिसत नाही.

ऑगस्टमध्ये त्या गेल्या. उन्हाचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. लीडरना ते पटलं नाही. मलाही नाही. ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात जूनमध्ये थंडी असते, हे मी नंतर शोधून काढलं. इथून तेवढ्याच तासांचा प्रवास. तेव्हा शोधायला मला दहा मिनिटं लागली नसती.

शनिवार बंद झाले. डिसेंबरात लीडरनी राजीनामा दिला आणि फ्लॅट सोडला. सामान बांधायला मी गेलो होतो. भिंती मोकळ्या झाल्यावर, खोक्यांना चिकटपट्टी लावताना, मी त्यांना बाडमेरच्या मुलाबद्दल सांगितलं. मला ते जूनआधीच माहीत होतं, हेही सांगितलं.

ते पट्टी लावत राहिले. मग म्हणाले, "मला दिसलं होतं."

"काय?"

"तुझं तोंड. तुला काहीतरी म्हणायचंय, ते दिसलं होतं मला. पुन्हा विचारणार होतो." त्यांनी पट्टी दातांनी तोडली. "तेवढ्यात तिनं तो बूट पायात घालून बघितला. मग नाही विचारलं."

मला वाटलं, ते आणखी काही बोलतील. मला रागावतील, किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. ते उठले, खोक्याची एक बाजू धरली आणि दुसरी मी धरायची वाट बघत उभे राहिले.