मोठी पिशवी

आमच्या कुत्र्याच्या, खंड्याच्या खाण्याला दिवसाला नेमका किती खर्च येतो, हे बाबांनी काल दुकानातच कागदावर मांडून पाहिलं. स्वस्तातलं खाणं त्याला रोज तीन वाट्या लागतं, चांगलं मात्र दीड वाटीत पुरतं. म्हणजे फरक जेमतेम चार रुपयांचा. बाबा खूश झाले.

"मोठी पिशवी घेतलीत काका, तर आणखी स्वस्त पडेल," दुकानदार म्हणाला. "चार महिने बघायला नको."

बाबांचं पेन थांबलं. आमचा खंड्या चौदा वर्षांचा आहे. जिना चढताना हल्ली तो मध्येच बसतो आणि बाबाही त्याच्याशेजारी पायरीवर टेकतात.

"बाबा, लहानच घेऊ या का?" मी हळूच विचारलं.

ज्याच्यावर जीव असतो, त्याचे दिवस माणूस मोजत नाही, असं मला वाटायचं. बाबा तर मघापासून तेच मोजत होते, दीड-दीड वाटीने.

"मोठीच द्या," ते दुकानदाराला म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी पिशवी खंड्यासमोर ठेवली आणि त्याचा कान कुरवाळत म्हणाले, "ही सगळी तुलाच संपवायची आहे, बरं का."