टेकाडावरचा ओटीपी

मंडळी, संध्याकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

मुलीच्या डिप्लोमा प्रवेशाच्या फॉर्मची प्रिंट काढायला महाडात झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. तिनं फॉर्म घरीच, चहा पिता पिता भरला होता. दुकानात पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली मुलगी तोच फॉर्म भरत होती. मुदत आज पाचपर्यंत. नंबर दिलेला वडिलांचा, आणि वाडीत रेंज नाही. म्हणून ओटीपी घ्यायला वडील फोन घेऊन टेकाडावर उभे. ती दुकानदाराच्या फोनवरून, स्पीकर लावून त्यांच्याशी बोलत होती.

"पप्पा, आला काय मेसेज?"

"आला गो. सात, चार..." फोन कट.

परत लागेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. तिनं नवा मागवला.

"अजून नाय आला गो. थांब, जरा वर चढतो."

पाच वाजले. साइट बंद झाली. तेवढ्यात वडिलांचा फोन आला. धापा टाकत म्हणाले, "आला गो, लिहून घे!"

तिनं सहाही आकडे नीट लिहून घेतले. साइट बंद झाल्याचं सांगितलंच नाही.

तिची मार्कशीट टेबलावरच होती. माझ्या मुलीपेक्षा तिला जास्त मार्क आहेत.

आता यादीत माझ्या मुलीचं नाव लागलं, तर मी पेढे कुठल्या तोंडानं वाटू?