चिंधी कुणी बांधायची?

माझ्या वन्सं जंगलात शिरल्या की आधी आवाज येतो, मग माणूस दिसतं. कोयत्याची मूठ उलटी धरून त्या बांबूवर ठोकत जातात. कोवळा बांबू थपथप वाजतो, जून झालेला टणकन. तीन वर्षांचा झाला असं कानाला पटलं की पिशवीतून जुन्या चादरीची चिंधी काढायची आणि त्याला बांधायची. चिंधी असेल तोच बांबू तोडायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही, हा आमच्या वनसमितीचा नियम. पोरंटोरं त्यांना 'टकटक आत्या' म्हणतात. त्यांचे यजमान बस चालवतात. घरातला ब्रेक कुणाच्या पायाखाली आहे, हे ते ओळखून आहेत.

हा नियम वन्संना पुस्तकानं नाही, चुकीनं शिकवला. अकरा वर्षांपूर्वी डोंगरावरचं जंगल गावाच्या ताब्यात आलं, आम्ही बायकांनी टोपल्या-खुर्च्यांची शेड सुरू केली, आणि काय तोडायचं ते ठरवायचं काम त्यांच्याकडे आलं. कोवळा बांबू विणायला लवचिक, दिसायला हिरवागार. शिवाय त्यांना वाटलं, म्हाताऱ्या बांबूंना कशाला उठवा, राहू देत बिचारे आपल्या जागी. दोन वर्षं कोवळे तेवढे तोडले. तिसऱ्या वर्षी पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर एकाही बेटातून कोंब वर आला नाही. म्हातारे एकमेकांत अडकून उभ्या उभ्या वाळले. तो उतार अजून बोडका आहे. कुणी पाहुण्यानं विचारलंच तर वन्सं स्वतः सांगतात, "ती माझी करणी."

यंदा एक व्यापारी आला. शहरातल्या हॉटेलांना बांबू पुरवणारा. बुटांना चिखल लागू नये म्हणून दगडावरून दगडावर उड्या मारत चढला. त्याला आठ दिवसांत तीन ट्रक हवे होते, आणि सगळा माल हिरवा, एकसारखा, बिनडागाचा. भाव नेहमीच्या दुप्पट.

वन्संनी दोन दिवस अख्खं जंगल ठोकून काढलं. "जून माल एक ट्रक निघेल. बाकी सगळा कोवळा. त्यापुढे एक काठी नाही."

शेडमध्ये बैठक भरली. आमच्याकडे प्रत्येक घरातून एक बाई आणि एक पुरुष सभासद असतो. अध्यक्ष आमचे हे, म्हणजे वन्संचे सख्खे धाकटे भाऊ.

"ताई, एकाच वर्षाचा प्रश्न आहे," हे म्हणाले. "छप्पर गळतंय, बांबू चिरायचं यंत्र घ्यायचंय. जरा समजून घे ना."

"समजून घेतलं, म्हणून तर नाही म्हणतेय."

व्यापारी हसला. "मावशी, बांबू म्हणजे शेवटी गवतच. कापलं की वाढतं."

"वाढतात तर केसही," वन्संनी त्याच्या टकलाकडे नीट बघून घेतलं. "मुळं शाबूत असली तर."

सगळी शेड खदखदून हसली, आणि हसता हसता व्यापाऱ्याच्या बाजूनं हातही वर केले. चौतीस विरुद्ध अकरा. माझा हात अकरांत होता. यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आमटीत मीठ टाकायला विसरले होते.

"ठरलं तर मग. ताई, सकाळी चिंध्या बांधून दे," हे म्हणाले. वन्सं उठून गेल्या.

सकाळी कोयते घेऊन सगळे डोंगराच्या पायथ्याशी जमले. मागे तीन ट्रक उभे. वन्सं आल्या त्या टोपलीभर कोऱ्या चिंध्या आणि जाड मार्कर पेन घेऊन. टोपली त्यांनी दगडावर ठेवली.

"गावानं ठरवलंय, मी आडवी येणार नाही. पण माझ्या हातून कोवळ्याला चिंधी बांधली जाणार नाही. ज्यानं काल हात वर केला त्यानं यातली एकेक घ्यायची, आपल्या घराचं नाव लिहायचं, आणि स्वतः बांधायची. तोडून झाल्यावर ती बुंध्यालाच राहील. बेट मेलं तर कुणी मारलं ते गावाला वाचता येऊ दे. टाकीमागचा उतार माझ्या नावावर आहे. पुढचा कुणाच्या?"

टोपलीभोवती नुसतं कोंडाळं झालं.

"हा काय पोरखेळ!" म्हणत ट्रॅक्टरवाला पुढे झाला. चिंधी उचलली, पेनाचं टोपण काढलं.

"घराचं नाव लिहू नका हं," मागून त्याची बायको कडाडली. "तुमचं एकट्याचं लिहा!"

त्यानं टोपण परत लावलं.

मग आमचे हे पुढे आले. यांनी आमच्या घराचं नाव लिहिलं, चांगलं ठसठशीत, आणि चालत पहिल्या बेटाशी गेले. एका कोवळ्या बांबूला हात घातला. त्याच्या अंगावरची कोवळेपणाची पांढरी भुकटी तळव्याला लागली. हे तिथंच उभे राहिले. मग तळवा विजारीला पुसला, चिंधी चुरगाळून खिशात कोंबली आणि परतले.

"एकच ट्रक मिळेल," व्यापाऱ्याला म्हणाले. "जून मालाचा."

"एका ट्रकसाठी मी चाकं झिजवत नाही," तो म्हणाला. तिन्ही ट्रक रिकामे परत गेले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

त्या दिवशी शेडमध्ये कुणी वन्संशी धड बोललं नाही. शेवटी एक विणकरीण उसळलीच. "ताई, आमच्या पोटावर पाय दिलात तुम्ही."

"दिला. माझं पोट काय वेगळ्या गावचं आहे? शिव्या द्या, पण विणता विणता द्या."

तिसऱ्या दिवशी जून बांबूच्या दोन खुर्च्या शहराच्या बसच्या टपावर चढल्या. "वहिनी, तुम्हीही चला," वन्संनी हुकूम सोडला. "दुकानात तुम्ही बोला. मी बोलले तर गिऱ्हाईक पळेल."

पहिल्याच दुकानदारानं खुर्चीच्या पाठीवरच्या करड्या डागावर बोट ठेवलं. "हे काय?"

मी तोंड उघडण्याआधीच वन्संनी खुर्ची त्याच्या गुडघ्यांमागे सरकवली.

"वय आहे ते त्याचं. आधी बसा, मग नावं ठेवा."

तो बसला.