डॉक्टर न झालेली कुमुद

कुमुदला कुणी शाबासकी दिली की ती भांडायला उठे. मालवणच्या आमच्या शाळेत गणिताच्या मास्तरांनी एकदा तिचा पेपर वर्गाला दाखवून म्हटलं, "पैकीच्या पैकी! ही पोर बापासारखी डॉक्टर होणार." आम्ही टाळ्या वाजवल्या. कुमुद उभी राहिली. "मास्तर, गुण गणितात पडले. मग डॉक्टर का?" मास्तरांनी तिला खाली बसवलं. ती बसली, पण उत्तर मिळालं नाही म्हणून दिवसभर धुमसत राहिली.

आमची घरं शेजारीशेजारी. मधे फक्त माडांची एक रांग. तिचे वडील गावातले जुने डॉक्टर, दवाखाना घरातच ओटीला लागून. आई लहानपणीच गेलेली. एकुलत्या मुलीला शिकवायचं, डॉक्टर करायचं आणि दवाखाना तिच्या हाती सोपवायचा, हे त्यांनी फार आधीच ठरवून टाकलं होतं. त्या काळात मुलीसाठी असं स्वप्न बघणारा बाप आमच्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. त्यामुळे कुमुद किती भाग्यवान, हे सगळेच तिला ऐकवत असत.

आणि तिचा हात खरोखरच डॉक्टरचा होता. आम्ही मॅट्रिकच्या वर्गात असताना एक दिवस दवाखान्यात एक मच्छीमार आला. मासे पकडायचा गळ तळहातात रुतलेला, रक्त ठिबकतंय, गडी लहान मुलासारखा रडतोय. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. कुमुदने हात धुतले, गळाचं टोक पुढे ढकलून बाहेर काढलं, टोकाचा उलटा काटा कापला आणि उरलेला गळ अलगद मागे ओढून घेतला. बोट जरासुद्धा थरथरलं नाही. संध्याकाळपर्यंत बंदरावर तिचं नाव झालं.

मी तिचं कौतुक करायला गेले, तर ती विहिरीच्या कठड्यावर तोंड पाडून बसलेली.

"तो रडत होतो," ती म्हणाली, "आणि माका नुसतो राग येत होतो. गप बसना नाय म्हणान. माझा लक्ष त्या गळाच्या वाकाकडे. तो माणूस माका दिसाकच नाय. हात बरे आसत गो माझे. पण मन थंय नाय."

पुढे आम्ही दोघी कोल्हापूरला कॉलेजात गेलो, एकाच वसतिगृहात राहिलो. मी आर्ट्सला, ती सायन्सला. पहिलं वर्ष सरलं आणि इंटरला गणित घ्यायचं की जीवशास्त्र, हा प्रश्न आला. जीवशास्त्र म्हणजे डॉक्टरकीची वाट. गणित घेतलं की ती वाट बंद.

मे महिन्याच्या सुटीत तिने ओटीवर वडिलांना सांगितलं. मी दारातच उभी होते. तिचे काका मुंबईहून आले होते, तेही तिथेच बसलेले.

"बाबा, मी गणित घेतलंय."

डॉक्टर एरवी घरात मालवणी बोलत. रागावले की शुद्ध मराठी सुरू होई. "इतके गुण मिळवून तू गणिताची मास्तरीण होणार? एवढी हुशारी वाया घालवणार?"

"हुशार म्हणान डॉक्टर? बैल बळकट आसा म्हणान त्येका होडयेक जुपशात काय?"

काका म्हणाले, "गो, उलटा बोला नको. लोक पोरींका शाळेत धाडणत नाय, आणि हो तुझो बापूस तुका डॉक्टर करूक बघता."

"त्यांचे उपकार आसत. पण उपकाराक मी माझा अख्खा आयुष्य देवचंय नाय."

"आणि माझा दवाखाना?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

कुमुदचे डोळे भरले, पण मान वरच होती. "दवाखान्याक डॉक्टर व्हयो, बाबा. तो तुमचाच पोर कित्याक व्हया?"

उरलेल्या सुटीत बापलेकीत एक शब्द बोलला गेला नाही. कुमुद त्यांच्यासाठी पाणी तापवी, पान वाढी, आणि तिथेच समोर बसून गणितं सोडवी. लपूनछपून काही करणं तिला जमतच नसे.

ती एम.एस्सी. झाली, कोल्हापुरातच कॉलेजात शिकवू लागली. लग्न होऊन मीही तिथेच राहिले. इकडे डॉक्टरांची नजर अधू झाली आणि दवाखाना बंद पडला. त्याच पावसाळ्यात तारकर्लीची एक बाळंतीण वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावली. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघी गावी गेलो, तेव्हा बाजारात त्या मुलीच्या सासूने कुमुदला गाठलं. "तू डॉक्टर झालं आसतंस तर माझी सून आज जिती आसती."

कुमुदने म्हातारीचे दोन्ही हात धरले. पण भोवती जमलेले लोक माना डोलवायला लागले, तशी ती त्यांच्याकडे वळली. "गावातले इतके झील-पोरगे मुंबयक गेले, गिरणीत, कचेरीत. 'तुमी कित्याक डॉक्टर जालास नाय?' म्हणान त्यांका कोण इचारता? एकल्या माकाच?"

वाटेत मात्र ती रस्त्याच्या कडेला बसून पोटभर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "माका वाईट वाटता. पण वाईट वाटता म्हणान मी चुकलंय, असा नाय."

पुढच्या वर्षी डॉक्टर डोळे दाखवायला कोल्हापूरला आले. एका सकाळी मला म्हणाले, "माका तिच्या कॉलेजात ने. तिका सांगा नको." आम्ही व्हरांड्यात, वर्गाच्या दाराआड उभे राहिलो. फळ्यापाशी एक मुलगा अडला होता. घामाघूम झालेला. कुमुद त्याच्या शेजारी उभी होती. "कुठे अडलं ते सांग. नाही, घाई नको. मागच्या पायरीवर जाऊ या." तो पुन्हा चुकला. ती पुन्हा मागे गेली. रडकुंडीला आलेल्या त्या पोराचा तिला राग आला नाही. त्याच्या चुकीकडे ती अशी बघत होती, जशी आई मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्याकडे बघते.

डॉक्टर बराच वेळ ऐकत उभे होते. परतताना एवढंच म्हणाले, "ह्यां पोर माझ्या दवाखान्यात असा कधी नव्हता."

त्यांना मालवणच्या गाडीत बसवायला आम्ही दोघी स्टँडवर गेलो. खिडकीतून त्यांनी कुमुदला जवळ बोलावलं.

"खरा सांग. कधी पस्तावलंस?"

"ना."

"माका तुझो अजून राग येता."

"येवंदे, बाबा," कुमुद म्हणाली, आणि खिडकीच्या गजांवरचा त्यांचा हात गाडी हलेपर्यंत तिने सोडला नाही.