दगडांमधली वाट

सिंदेवाहीकडच्या आमच्या मिशनच्या आवारात, चर्चमागे, एका म्हाताऱ्या फादरनी दगड मांडून गोल वाट आखली होती. लॅबिरिंथ म्हणत ते. गावातले लोक चक्रव्यूह म्हणत. वाट एकच. वळत वळत मधल्या क्रुसापर्यंत जायचं, त्याच वाटेनं परत यायचं. बोलायचं नाही, दगड ओलांडायचा नाही. लहानपणी मी एकदा ओलांडला, तर आईनं सगळ्यांसमोर थोबाडीत दिली होती.

आई मिशनच्या होस्टेलात स्वयंपाक करायची. संध्याकाळचा भात उतरवला की चालली क्रुसाकडे, माझ्या लग्नासाठी प्रार्थना करत.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची, मोहफुलं वेचणारी बाई वाघानं नेली. फादरही संध्याकाळी तिकडे जाऊ नको म्हणाले. आई कुठली ऐकते! "मी काय जंगलात जाऊन राह्यली? देवाच्या अंगणात तं जाते." मला असा संताप यायचा! शेवटी मीच व्हरांड्यात बसून पहारा करू लागले.

चौथ्या-पाचव्या दिवशी झाडावरची वानरं एकदम ओरडायला लागली. कुंपणाची तार तुटली होती तिथलं झुडूप हललं, वारा तर नव्हता. पानांत पिवळं काहीतरी दिसलं. आई तिथून दहा पावलांवर, त्याच बाजूच्या वळणावर. "आई!" मी किंचाळले. तिनं मान वळवली नाही. मौन म्हणजे मौन! जळो ते मौन! मी धावले.

आणि धावले कशी, तर वाटेनं. दगड घोट्याएवढे, सरळ गेले असते तर वीस पावलांत पोचले असते. पण पाय वळणं घेत राहिले. दोनदा तिच्याजवळ आले, दोनदा वाटेनं मला लांब नेलं. मी रडत होते, पळत होते, वळत होते.

तेव्हा आई दगड ओलांडून आली. न धावता, तोंड झुडपाकडेच ठेवून, उलट्या पावलांनी. मागे हात करून तिनं माझं मनगट धरलं. हात थंडगार होता. किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. मग झुडूप परत हललं, पिवळं दिसेनासं झालं आणि वानरं गप्प झाली.

व्हरांड्यात आल्यावर मी तिच्यावरच खेकसले, "हाक मारली तं काऊन नाई पाह्यलं?"

"मले तो कवाचा दिसला होता," आई म्हणाली. "माह्याकडंच पाहून राह्यला होता. मी मान वळवली असती, तं त्यानं तुह्याकडं पाह्यलं असतं."