आईचं रक्त आणि अनशापोटीचा अंगारा

दमा आईच्या छातीत, आणि हा डॉक्टर मागतोय रक्त! मला पहिल्या दिवसापासून त्याचा संशय. एकोणीसशे सत्तरच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून भोरच्या दवाखान्यात येणारा हा डॉक्टर तोंडात फवारायचा नवा पंप फुकट द्यायचा आणि दंडातून रक्त काढून न्यायचा. फुकट कोण काय देतं हो?

"पंपातलं हे स्टेरॉईड छातीतच राहायला हवं. रक्तात कणभर तरी उतरतं का, ते मोजायचंय," तो म्हणे. विहिरीत मिठाचा खडा टाकायचा आणि पोहऱ्यात खारटपणा शोधायचा, असलं ते काम. मला वाटायचं, रक्त विकत असणार मेला. पण पंपानं आई रात्री आडवी होऊन झोपायला लागली होती. म्हणून मी तिला दर खेपेला घेऊन जात राहिले.

पुढच्या खेपेला त्यानं आईकडं रोखून पाहिलं. "रक्तात स्टेरॉईड भरपूर आहे. पंपातून एवढं येणं शक्यच नाही. चोरून गोळ्या घेता ना?"

"न्हाई वो सायेब, ह्या पोरीची आण!"

"खरं सांगा, नाहीतर पंप बंद करावा लागेल."

माझं डोकंच फिरलं. "माझ्या आईला खोटारडी म्हणता?" सगळा दवाखाना आमच्याकडं बघायला लागला.

त्यानं आवाज चढवला नाही. "बरं, आज सकाळपासून पोटात काय गेलं?"

"काय बी न्हाई. तुमीच उपाशी या म्हनला व्हता. निस्ता अंगारा घेतला पान्यात."

अंगारा माझ्या चुलत्यांचा. त्यांच्या अंगात देव यायचा, आणि दम्याच्या माणसांना ते दर गुरुवारी पुडी बांधून द्यायचे. आई तो रोज अनशापोटी घ्यायची. अंगारा काय कुणी खाण्यात धरतं? आमच्याकडं तरी नाही.

आईच्या कनवटीला पुडी होतीच. डॉक्टरनं ती तपासायला नेली. नंतरच्या खेपेला कळलं, राखेत स्टेरॉईडच्या गोळ्यांची पूड निघाली.

"शरीराला त्याची सवय झालीय, एकदम सोडू नका, जिवावर बेतेल. मी गोळ्या देतो, हळूहळू कमी करू," डॉक्टर म्हणाले.

"भाऊजी सोता कुटत आसतील का गं?" आईनं मला विचारलं. मला रडू फुटलं. सख्खा दीर, त्याच्या पायावर ती दर गुरुवारी डोकं ठेवायची.

डॉक्टरांनी पंप पुढं केला. सवयीनं तिनं तो कपाळाला लावायला नेला, पण हात मधेच थांबला.

"ह्यात काय काय हाय," ती म्हणाली, "ते समदं आदी सांगा."