पितळी मिशांचा वीर

दहिवलीकडून आमच्या गावात शिरताना वाटेवर आमचा वीर होता. वीर म्हणजे कमरेएवढा दगड. पण पिढ्यान्‌पिढ्या थापलेल्या शेंदराने तो भोपळ्यासारखा फुगला होता, आणि वर पितळी डोळे, पितळी मिशा. कुठल्याशा लढाईत पडलेला तो आमचा पूर्वज म्हणे. लढाई कुठली असं विचारलं की थोरले काका डोळे वटारायचे. वीर मोठा कडक, बाईची सावलीही त्याला चालत नसे. लग्नाआधी घरच्या पुरुषाने त्याच्यापुढे नारळ फोडायचा आणि त्यातली मानाची वाटी थोरल्या काकांनी न्यायची. त्याशिवाय मुलीला हळद लागत नसे.

धाकट्या काकूची पंचाईत इथेच झाली. ती विधवा, पदरी एकच मुलगी. लग्न चार दिवसांवर आलं आणि थोरले काका रुसून बसले, कारण स्थळ त्यांना न विचारता ठरलं होतं. काकू रोज त्यांच्या ओटीवर जाऊन पाया पडायची. मला असा संताप यायचा! पण मी पडले इतिहासात बी.ए. करणारी, म्हणजे घरच्यांच्या मते लग्नापर्यंत वेळ काढणारी.

अखेर काका वीरापाशी आले; आम्ही बायका लांबच उभ्या. राग गेला नव्हताच. तो सगळा एकवटून त्यांनी नारळ हाणला. नारळ शाबूत राहिला, आणि शेंदराचं कवच मिशांसकट खाली आलं.

"कोप झाला! ह्ये लगीन होनार नाय!" नारळ टाकून काका मागे सरले. काकू मटकन खाली बसली.

मी नियमबियम विसरून पुढे गेले. दगडावर कोपरात वाकलेला एक हात कोरला होता, हातात बांगड्या. असाच दगड कॉलेजच्या सहलीत सरांनी आम्हाला दाखवला होता.

"हा वीर नाही, सती आहे," मी म्हटलं. "नवरा लढाईत पडला, त्याच्याबरोबर हिला जाळलं."

"मंग मिशा?" काकांनी विचारलं.

"त्या आपण लावल्या."

भावकीतले पुरुष उगाच आपापल्या मिशा चाचपू लागले.

काकू उठली. जन्मभर लांबूनच हात जोडलेली ती बाई थेट दगडापाशी गेली. आपल्या ओक्याबोक्या हाताने तिने त्या दगडी बांगड्या कुरवाळल्या, नारळ उचलला आणि एका घावात फोडला. सवयीने काकांचा हात पुढे आला. काकूने दोन्ही वाट्या दगडापुढे ठेवल्या.

"बाय गं," ती म्हणाली, "जळलीस तू, आन् खोबरं खाल्लं आमच्या बाप्यांनी."